देवाजवळ राहायचं की समुद्राजवळ?

पत्राचा सारांश : नागपूरच्या एका वाचक भगिनी लिहितात, की त्यांचे वडील गेल्यापासून त्र्याहत्तर वर्षांची आई त्यांच्याकडे राहते. आईला जगन्नाथपुरी करायची आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार रात्रींसाठी सगळे जाणार आहेत : त्या, त्यांचे यजमान, पंधरा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात. टेकडीच्या गणपतीला गेलं तरी ती कठडा धरून चढते. अडलंय ते हॉटेलावर. पुण्याचा भाऊ निम्मा खर्च देतोय आणि म्हणतोय, 'आईसाठी जाताय ना, मग मंदिराला लागून राहा.' यजमान आणि मुलं म्हणतात, 'एवढ्या लांब जाऊन खिडकीतून समुद्र दिसला नाही तर काय उपयोग?' दोन्ही जवळ असलेलं हॉटेल त्या महिनाभर मोबाईलवर शोधताहेत. 'काहीही ठरवलं तरी कोणीतरी नाराज होणार आणि शब्द मलाच लागणार,' असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात चार हॉटेलांचे दर आहेत, भावाचं मत आहे, यजमानांचं आहे, मुलांचंही आहे. आईंचं मत मात्र एकाच वाक्यात आहे आणि तेही तुमच्या शब्दांत : 'तिला काय, फक्त देव पाहायचा आहे.' हे त्या स्वतः म्हणाल्या, की तुम्ही धरून चाललात?

विचारायचं कारण सांगते. आपण नागपूरकर झिरो माईलची, म्हणजे देशाच्या मध्यावरची माणसं. पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, समुद्र आपल्याला सारखाच लांब. तुमच्या आईंच्या वयाच्या कितीतरी बायकांनी पाणी पाहिलं ते अंबाझरीचं, फुटाळ्याचं, नाहीतर रामटेकच्या अंबाळ्याचं. संसारात 'समुद्र पाहायला जाऊ' असं कोण म्हणणार होतं त्यांना? देवदर्शनाला जायचं म्हटलं की घरात कोणी नाही म्हणत नाही. 'मला समुद्र पाहायचा आहे' असं त्र्याहत्तराव्या वर्षी लेकीला सांगायला मात्र जीभ रेटत नाही. तुमच्या आईंनी समुद्र पाहिलाय का, हे पत्रात कुठेच नाही. पाहिला नसेल तर तुमची अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

माझ्या सासूबाईंचं सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांना पुरीला नेलं होतं. हॉटेल मी निवडलं होतं, फोटो पाहून. जाहिरातीत लिहिलं होतं 'मंदिर पाच मिनिटं, लिफ्टची सोय'. लिफ्ट होती, पण ती सुरू व्हायची नऊ पायऱ्या चढल्यावर. त्या नऊ पायऱ्या सासूबाई पहिल्या दिवशी एकदा उतरल्या, एकदा चढल्या. दुसऱ्या दिवशीपासून 'तुम्ही जा, मी इथे जप करते' सुरू झालं. आम्हाला वाटलं, त्यांना खरंच जप करायचा आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने जवळजवळ उचलूनच त्यांना खाली आणलं आणि आम्ही वाळूवर गेलो. लुगड्याचा काठ पिंडरीपर्यंत धरून त्या पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. लाट आली, परत जाताना तळव्याखालची वाळू ओढून घेऊन गेली, तशी त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. 'बापा, एवढं पाणी!' एवढंच म्हणाल्या. मग अंधार होईस्तोवर तिथून हलायला तयार नव्हत्या. दोन दिवस त्या वरच्या खोलीत कोंडून बसल्या होत्या त्या माझ्या चुकीमुळे, हे मला त्या वेळी कळलं. म्हणून हॉटेल म्हटलं की मी आधी पायऱ्या विचारते, समुद्र नंतर.

आता दुसरी गोष्ट. घरात मंदिर म्हणजे आईचं आणि समुद्र म्हणजे मुलांचा, अशी वाटणी झाली आहे. पुरीत ही वाटणी खरी नाही. तिथल्या समुद्राचं नावच महोदधी. पुरीच्या पंचतीर्थांत तो मोजतात. यात्रेकरू त्यात स्नान करतात आणि संध्याकाळी किनाऱ्यावर त्याची आरतीही होते. म्हणजे समुद्राकाठी राहिलात तर आईंचं तीर्थ सुटत नाही, हे भावाला सांगता येईल. मुलांचंही तसंच. मंदिराचं शिखर सुमारे ६५ मीटर उंच आहे. रोज सूर्यास्ताच्या सुमारास एक सेवक त्यावर चढतो आणि टोकाच्या नीलचक्रावरचा ध्वज बदलतो. हातापायांच्या आधारावर तो वर सरकत जातो आणि रस्त्यावरची सगळी गर्दी मान वर करून श्वास रोखून उभी असते. हे बाहेरूनही दिसतं, रांग लावावी लागत नाही. तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा ते पाहून आला की 'मंदिर बोअर आहे' म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

आणि तुम्ही नागपूरच्या म्हणून एक आणखी. सिंहद्वारासमोर, म्हणजे मंदिराच्या मुख्य दारासमोर, काळ्या दगडाचा अखंड, सुमारे दहा मीटर उंचीचा अरुणस्तंभ आहे. तो मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोर होता. अठराव्या शतकात, मराठ्यांच्या अमलात, तो पुरीला आणून उभा केला. तो अंमल आपल्या नागपूरकर भोसल्यांचा. १७५१ च्या तहाने ओडिशा रघूजी भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यावरून जाता-येता जे नाव मुलं वाचतात, त्याचा धागा त्या खांबापर्यंत जातो. आईंनाही हे सांगा, त्यांना आवडेल.

आता तुमचा खरा प्रश्न, खोली कुठे घ्यावी.

मंदिर समुद्राला लागून नाही. किनाऱ्याच्या जवळच्या टोकापासूनही ते साधारण सव्वा-दीड किलोमीटर आत आहे. सिंहद्वाराच्या आत पाऊल टाकलं की समुद्राची गाज ऐकू येत नाही, अशी तिथली श्रद्धा आहे. त्यामुळे दोन्ही पायाशी असलेलं हॉटेल तुम्ही महिनाभर शोधलंत आणि सापडलं नाही, यात तुमचं काही चुकलं नाही. तसं ते नाहीच.

दोन्हींच्या त्यातल्या त्यात जवळ आहे तो स्वर्गद्वाराचा भाग. ऑटोने मंदिर जवळ, रस्ता ओलांडला की वाळू, हाकेच्या अंतरावर बाजार. पण गर्दी आणि आवाज रात्री उशिरापर्यंत. आणि एक गोष्ट हॉटेलवाले सांगत नाहीत : स्वर्गद्वार ही स्मशानभूमी आहे, भर वस्तीत, समुद्राकाठी, आणि तिथे चिता जळत असतात. कित्येक भाविक त्या जागी अंत्यसंस्कार होणं भाग्याचं मानतात. पण तुमच्या वडिलांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत. आईंना बाल्कनीतून रोज तो धूर दिसावा का, हे तुम्हीच ठरवा. कोणाला त्याने शांत वाटतं, कोणाला रात्रभर झोप येत नाही. तिथे राहणार असाल तर आधी त्यांना सांगा, दहा वर्षांच्या लेकीलाही सांगा. लपवून नेऊ नका.

चक्रतीर्थ रोडकडे थोडं शांत आहे. मंदिर दोन-तीन किलोमीटर पडतं, म्हणजे पायी नाही, पण ऑटोने सहज. रेल्वे स्टेशन जवळ, हेही तुमच्या सामानासाठी बरं. किनाऱ्याच्या याच बाजूच्या गोल्डन बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं, मानांकन मिळालं. तिथे बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृहं आहेत. वाळूत खाली बसून उठता न येणाऱ्या माणसासाठी बाक ही केवढी मोठी सोय आहे, ते ज्याच्या घरी गुडघे दुखतात त्यालाच कळतं.

भावाचं म्हणणं मानायचं तर बडदांडावर, म्हणजे रथ निघतो त्या मोठ्या रस्त्यावर, मंदिर प्रशासनाचं नीलाद्री भक्तनिवास आहे. प्रशासनाची आणखीही भक्तनिवासं आहेत. पहाटेच्या दर्शनाला यासारखी जागा नाही. ज्यांच्या घरचे सगळेच देवासाठी चालले आहेत त्यांनी दुसरीकडे बघूच नये. तुमच्या घरचं तसं नाही.

कोणार्कच्या रस्त्याला, शहराबाहेर नवी रिसॉर्ट आहेत. फोटो सुंदर असतात. पण चहापासून दर्शनापर्यंत प्रत्येक गोष्टीला गाडी लागते. चार रात्रींत आईंना दोनदा दर्शन घडवायचं असेल तर तिकडे नको.

दोन रात्री मंदिराजवळ आणि दोन समुद्राजवळ, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. कागदावर छान दिसतो. पण मधल्या दिवशी पाच जणांचं सामान भरणार कोण, ओले कपडे पिशव्यांत कोंबणार कोण, आईंच्या गोळ्यांचा डबा शोधणार कोण? तुम्हीच. तुमचीही सुट्टीच आहे ती. एकच हॉटेल घ्या, त्यात दोन खोल्या, शेजारी-शेजारी, आणि चक्रतीर्थ रोडच्या बाजूला. हे माझं स्पष्ट मत आहे.

मात्र पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करा. ॲपवरच्या चौकटीतल्या उत्तरांवर विसंबू नका. विचारा : रस्त्यापासून लिफ्टपर्यंत मध्ये किती पायऱ्या आहेत? 'लिफ्ट आहे का' असं विचारलंत तर 'हो' म्हणतील, म्हणून पायऱ्याच मोजून मागा. तळमजल्यावर खोली मिळेल का? कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडी आहे का? वीज गेली तर जनरेटरवर लिफ्ट चालते का? समुद्र बाल्कनीतून समोर दिसतो की मान वाकडी केल्यावर कोपऱ्यातून? आई शाकाहारी असतील तर स्वयंपाकघर वेगळं आहे का? तिकडे मासे रोजच्या जेवणात असतात, त्यात वावगं काही नाही, पण आईंना आधी माहीत असावं. आणि खोली किती वाजता सोडायची हे नक्की विचारा. पुरीतली काही हॉटेलं सकाळी आठलाच खोली रिकामी करून मागतात. आपली परतीची गाडी रात्रीची असली तर अख्खा दिवस म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठे बसणार? अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त देऊन एक खोली ठेवता येते का, ते तेव्हाच ठरवून टाका.

मंदिरापासूनचं अंतर विचारताना 'ऑटो कुठपर्यंत जाते' असं विचारा. सिंहद्वारापर्यंत गाडी नेऊ देत नाहीत. पुढचं अंतर चालायचं असतं, आणि चपला काढल्यावर अनवाणी. दुपारी तो दगड तापतो. म्हणून हॉटेल एक किलोमीटरवर असो की तीन, शेवटचं चालणं सगळ्यांना सारखंच. आत गेल्यावर 'बाइसी पाहाचा', म्हणजे बावीस पायऱ्या. टेकडीला कठडा धरून चढणाऱ्या आईंना त्या जमतील, पण सावकाश, गर्दी कमी असताना. पोहोचल्या दिवशी दर्शनाला पळू नका. नागपूरहून थेट गाडी असली तरी एक रात्र आणि जवळजवळ दिवस प्रवासात जातो. त्या संध्याकाळी आईंना नुसतं समुद्रासमोर बसवा. दर्शनाला दुसऱ्या दिवशी पहाटे जा. व्हीलचेअरची सोय आणि त्या दिवशीच्या दर्शनाच्या वेळा आदल्या संध्याकाळीच मंदिराच्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा.

मोबाईल आणि चामड्याच्या वस्तू आत चालत नाहीत. सगळं हॉटेलातच ठेवून गेलात तर रांगेतली एक कटकट कमी. पण मग चुकामूक झाली तर फोन नाही. भेटायची जागा आधी ठरवा, तो अरुणस्तंभच ठरवा, आणि हॉटेलचं कार्ड आईंच्या बटव्यात टाका. १ जानेवारी २०२४ पासून तिथे कपड्यांचा नियमही आहे. हाफ पँट आणि फाटकी जीन्स चालत नाही, हे मुलाला बॅग भरतानाच सांगा, दारात नको. हॉटेलवाल्याने 'आमचे पंडे आहेत' म्हणून कोणाला गाठून दिलं, तर दक्षिणा किती ते खोलीवरच बोलून घ्या. दर्शन झाल्यावर बोलणी केली की मनाचं सगळं समाधान त्या दहा मिनिटांत जातं.

महाप्रसाद मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारात मिळतो, मातीच्या हंड्यांत चुलीवर शिजलेला. एकाच पंगतीत कोणीही कोणाशेजारी बसून जेवतो, तिथे जात विचारत नाहीत. आईंना खाली बसणं जड जाईल. हंडीतून खोलीवर आणून त्यांना खुर्चीवर बसून खाता येईल. त्यासाठी ताटं देतील का, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

मुलाबद्दल एक काळजीचा शब्द. पुरीचा समुद्र दिसतो तसा सोपा नाही. लाटा मोठ्या, आणि पाणी परत जाताना जोरात ओढतं. फुटाळ्याच्या काठावर वाढलेल्या पोराला त्याचा अंदाज येत नाही. किनाऱ्यावर नोलिया असतात, पिढ्यान्पिढ्या त्या समुद्रात होड्या घालणारे कोळी. त्यांच्याजवळच, सकाळी, गुडघाभर पाण्यात. संध्याकाळनंतर पाण्यात पाय नाही. हे ऐच्छिक ठेवू नका.

तारखांचाही फेरविचार करा. दुर्गापूजेपासून पुरीत बंगालमधले प्रवासी भरपूर येतात, आणि दिवाळीच्या वेळी कार्तिक चालू असतो. कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे शेवटचे पाच दिवस, ज्यांना तिथे पंचुक म्हणतात, आईंसारख्यांनी मंदिरात जाऊच नये इतकी गर्दी होते. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचेही महिने. मुलांच्या शाळेतून तेवढी रजा मिळत असेल तर जानेवारीत, सोमवार ते गुरुवार जा. हवा छान, दगड तापत नाही, खोल्याही स्वस्त मिळण्याची शक्यता जास्त. दिवाळीतच जायचं असेल तर भाऊबीज झाली की लगेच निघा आणि एकादशीच्या आत परत या. बुकिंग मात्र रद्द करता येणारंच घ्या, शे-दोनशे जास्त पडले तरी. बाकी वाचकांसाठी : उन्हाळ्याच्या शेवटी जाणार असाल तर पंचांग पाहा. ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानयात्रेनंतर सुमारे पंधरा दिवस देव 'अणसर'मध्ये, म्हणजे एकांतात असतात, आणि नेहमीचं दर्शन होत नाही. हे न पाहता गेलेली, बंद दारासमोर रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

राहिला भाऊ. तो निम्मे पैसे देतोय, ते प्रेमानेच. पण तो लांब आहे, म्हणून त्याला आई 'देवभोळी' एवढीच दिसत असावी. त्याला निर्णय कळवू नका, त्याला काम द्या. हॉटेलला फोन करून पायऱ्या मोजून घ्यायचं काम त्याचं, रेल्वेत आईंना खालचा बर्थ मिळवायचं काम यजमानांचं. 'शब्द मलाच लागणार' असं तुम्ही लिहिलंय ना? सगळं एकटीने ठरवलंत की शब्दही एकटीलाच लागतो.

पण याआधी, आज रात्री जेवणं झाल्यावर, मुलं आपापल्या खोलीत गेली की आईंच्या जवळ बसा. हॉटेलाचं नाव काढू नका. 'आई, तू समुद्र पाहिलाय का गं कधी?' एवढंच विचारा आणि त्या बोलेपर्यंत मध्ये बोलू नका. त्या काय म्हणाल्या, ते मला जरूर कळवा.